तीन मिनिटांत न मावणारे वझेबुवा

नाट्यसंगीताची मैफल रत्नागिरीत असो वा अन्यत्र, 'संन्यस्त खड्ग' या नाटकातील एखादे पद तीत बहुधा असतेच. ते नाटक स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिले, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मास्टर दीनानाथांनी ती पदे गाऊन अजरामर केली, हेही सर्वांना माहीत आहे. त्या पदांना चाली कुणी दिल्या, असे विचारले तर मात्र दर्दी रसिकही क्षणभर थांबतात. उत्तर आहे : गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे. योगायोग असा की, ज्या माणसाने रत्नागिरीत लिहिल्या गेलेल्या या शब्दांना सूर दिले, त्याच्या गाण्याची पायाभरणीही त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातच, मालवणला झाली होती. (मालवण तालुका १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत रत्नागिरीतच होता.)

कोकणच्या वाट्याला संगीताच्या इतिहासात नेहमी एक विचित्र भूमिका आली. येथली माणसे गाणे शिकण्यासाठी घाट चढून गेली, मोठी झाली आणि मग मिरजेची, पुण्याची, मुंबईची किंवा बेळगावची म्हणून ओळखली गेली. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. ते ग्वाल्हेरला गेले आणि तिथलेच झाले. वझेबुवा हे याच वाटेवरचे पुढचे प्रवासी. त्यांनी ही वाट अक्षरशः पायी तुडवली.

रामकृष्ण नरहर वझे यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८७१ रोजी सावंतवाडी संस्थानातील ओझरे (वझरे असेही लिहिले जाते) या खेड्यात झाला. मूल अवघे दहा महिन्यांचे असताना वडील गेले. त्या काळच्या कोकणात विधवा स्त्रीला लहानग्यासह दिवस काढणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे अवघड आहे. आईने मुलाला घेऊन घाट ओलांडला आणि कोल्हापूर संस्थानातील कागल येथे आसरा घेतला. मुलाचे शाळेत मन रमेना. गाणे ऐकले की मात्र तो तिथेच खिळून राहत असे. आईने हे हेरले. उपजीविकेची शाश्वती देणारी विद्या सोडून मुलाला गाण्याकडे वळू देणे, हा त्या माउलीचा निर्णय तिच्या परिस्थितीकडे पाहता धाडसाचाच म्हणावा लागेल. कागलमध्ये बळवंतराव पोहरे यांच्याकडे पहिले धडे झाले. पुढे मालवणला विठोबाअण्णा हडप यांच्याकडे शिक्षण सुरू झाले.

मालवणसारख्या बंदराच्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्याल गायनाचे शिक्षण मिळू शकत होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. दशावतार, भजन, कीर्तन आणि देवळातील उत्सव यांच्यामुळे कोकणात सुरांचा दुष्काळ कधीच नव्हता. पण पद्धतशीर रागविद्या देणारे गुरू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. हडपांनी या मुलाला जे दिले, त्याच्या बळावर त्याला आपल्याला काय येत नाही, हे कळू लागले. कलावंताच्या आयुष्यात ही जाणीव फार लवकर झाली तर ती त्याला स्वस्थ बसू देत नाही.

त्यातच रीतीप्रमाणे बालवयात लग्न झाले. घरात मिळवते कोणी नाही, पदरात अर्धवट विद्या आणि शिरावर संसार. रामकृष्णाने घर सोडले. आधी पुणे, मग मुंबई, मग उत्तरेचा रस्ता. पैसे असतील तेव्हा आगगाडी, नसतील तेव्हा पायपीट, असा हा प्रवास होता. वाटेत मिळेल त्या घरी जेवायचे, मिळेल त्या देवळात निजायचे आणि गाणे असेल तिथे मुक्काम लांबवायचा. इंदूरला त्या वेळी होळकरांच्या आश्रयाने थोर कलावंतांचा मेळा असे. बीनकार बंदे अली खाँ यांचे वादन आणि नाना पानसे यांचा पखवाज या मुलाच्या कानांवर पडला. ज्याने तोवर ध्वनिमुद्रिका पाहिलेली नव्हती (पाहणार कुठून? भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे १९०२ साली कोलकात्यात झाली), त्याच्यासाठी संगीत ऐकण्याचा एकच मार्ग होता. गाणारा जिथे असेल तिथे आपण जाऊन पोहोचायचे.

भ्रमंती अखेर ग्वाल्हेरला येऊन थांबली. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नथ्थू खाँ या बंधूंनी उभारलेल्या ख्याल गायकीचे हे माहेरघर. नथ्थू खाँचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ हे त्या परंपरेचे तेव्हाचे मोठे वारसदार होते. दरबाराचा आश्रय सुटल्यावर ते शंकरराव पंडित यांच्या ब्राह्मण कुटुंबात राहिले. त्या घराच्या रीतीभातींशी ते इतके एकरूप झाले की गळ्यात जानवे घालत, असे सांगितले जाते. अशा या मनस्वी उस्तादाकडे रामकृष्ण शिकू लागला.

शिकू लागला, असे म्हणणे सोपे आहे. आजच्या अर्थाने तो वर्ग नव्हता, वेळापत्रक नव्हते आणि आज अमुक राग पुरा करू, असे आश्वासन तर मुळीच नव्हते. शिष्याने माधुकरी मागून पोट भरायचे, उस्तादांच्या घरची पडतील ती कामे करायची आणि त्यांची लहर लागेल तेव्हा जे कानी येईल ते साठवायचे. एखादी बंदिश पूर्ण हाती येण्यास महिने लागत. अस्थायी आज मिळाली तर अंतरा कधी मिळेल, याचा भरवसा नसे. शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत मराठी घरे पुष्कळ होती, म्हणून हा कोकणातला मुलगा निदान उपाशी राहिला नाही. तरीही वर्षानुवर्षे हे काढणे म्हणजे मनुष्याच्या चिकाटीची कसोटी होती. वझेबुवांच्या स्वभावात पुढे जो हट्टीपणा आणि फटकळपणा लोकांना जाणवे, त्याचे मूळ या दिवसांत असावे असे वाटते. ज्याला प्रत्येक चीज किंमत मोजून मिळवावी लागली, तो माणूस गोडगोड बोलणारा होईलच कसा?

या काळाने त्यांच्याकडून आणखी एक किंमत वसूल केली, ती आवाजाची. वझेबुवांचा गळा गोड नव्हता. उतारवयात तर तो चांगलाच घोगरा आणि पिचलेला झाला होता. तरुणपणातील अतिरेकी मेहनतीला अनेक जाणकार याचा दोष देतात. निसर्गाने दिलेल्या मधुर कंठावर कीर्ती मिळवणाऱ्या गायकांच्या त्या पिढीत ही उणीव मोठी होती. अब्दुल करीम खाँ हे त्यांचे जवळपास समवयस्क. त्यांच्या रेशमी स्वरांपुढे वझेबुवांचा आवाज ठेवला तर पहिल्या ऐकण्यात कुणाचेही पारडे खाँसाहेबांकडेच झुकेल. पण वझेबुवांनी या अडचणीतूनच आपली गायकी घडवली. लयीवर घट्ट पकड, मुखडा घेण्यातील आक्रमकपणा, समेवर येण्याचा जोश, बोलांची फेक आणि बलदंड तान ही तिची वैशिष्ट्ये. गाणे संथपणे उलगडत बसणे त्यांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. श्रोत्याला त्यांचे गाणे कुरवाळत नसे, जागेवरून हलवत असे.

दुसरे वैशिष्ट्य होते त्यांच्या संग्रहाचे. ग्वाल्हेर सोडल्यावरही त्यांची पायपीट संपली नाही. ते उत्तरेतील संस्थाने हिंडले, नेपाळपर्यंत जाऊन आले. जिथे जात तिथून काही ना काही घेऊन येत. परिणामी प्रचलित रागांतील दुर्मीळ बंदिशी आणि ज्यांना अनवट किंवा अछोप म्हणतात असे राग यांचा त्यांच्याजवळ विलक्षण साठा झाला. एखाद्या मैफलीत इतरांनी नुसते नाव ऐकलेला राग वझेबुवा सहज उलगडून दाखवत. मोठमोठे कलावंत त्यांच्याकडे या बाबतीत आदराने पाहत आणि थोडे सावधही असत.

त्यांच्याच पिढीत विष्णु दिगंबर पलुस्कर होते. त्यांचा जन्म वझेबुवांच्या पाठोपाठ १८७२ साली कुरुंदवाडला झाला. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीताला शाळेच्या इमारतीत आणले. पंडित भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या छापल्या. वझेबुवांनी संस्था काढली नाही, चळवळही उभी केली नाही. त्यांच्या विद्येचा प्रसार झाला तो रंगभूमीवरून. हा मार्ग त्यांनी ठरवून निवडला असेल असे वाटत नाही. पोटापाण्याची गरज आणि काळाचा ओघ त्यांना तिकडे घेऊन गेला. पण त्याचा परिणाम कोणत्याही विद्यालयापेक्षा कमी नव्हता.

केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीला 'ललितकलादर्श' नाटक मंडळीची स्थापना केली. या तडफदार गायक नटाने वझेबुवांचे शिष्यत्व पत्करले आणि पुढे बुवा मंडळीचे संगीतकार झाले. तो ध्वनिवर्धकापूर्वीचा काळ होता. पडदा उघडला की ऑर्गन, सारंगी आणि तबल्याच्या साथीने गाणाऱ्याला केवळ स्वतःच्या छातीच्या जोरावर पिटातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागे. अशा रंगभूमीला वझेबुवांची ठसकेबाज, लयदार चाल नेमकी मानवली. केशवराव १९२१ साली ऐन तारुण्यात गेले. त्यांच्यानंतर मंडळीची धुरा वाहणारे बापूराव पेंढारकर हेही वझेबुवांचेच शिष्य. मामा वरेरकरांची सामाजिक नाटके ललितकलादर्शने याच काळात गाजवली. वरेरकरही कोकणचेच, हे सांगायला हवे. त्यामुळे कंपनीच्या बिऱ्हाडात मालवणी बोलीला तोटा नसावा!

मात्र वझेबुवांच्या चालींना ज्या गळ्याने सर्वांत दूरवर नेले तो होता दीनानाथ मंगेशकरांचा. गोव्यातील मंगेशी येथे १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह 'बळवंत संगीत मंडळी' स्थापन केली. त्यांचा गळा चपळ, वृत्ती निर्भय आणि कल्पनाशक्ती बेलगाम होती. वझेबुवांची आक्रमक गायकी आणि अनपेक्षित वळणांची आवड त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणालाही शोभली नाही. वीर वामनराव जोशी यांच्या १९२७ सालच्या 'रणदुंदुभी' नाटकातील पदांनी दीनानाथांना तुफान लोकप्रियता दिली. त्या चाली वझेबुवांच्या. नाटकातील पदे देशभक्तीने भारलेली होती आणि चालीतच रणवाद्याचा आवेश होता. पदाचे शब्द न कळणाऱ्या श्रोत्यालाही तो आवेश जाणवावा, हे संगीतकाराचे यश.

सावरकर जानेवारी १९२४ पासून मे १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशा अटी त्यांच्यावर होत्या. या काळात त्यांनी नाटके लिहिली. त्यांतील 'संन्यस्त खड्ग' बळवंत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. बुद्धाच्या काळात घडणाऱ्या या नाटकात अहिंसा आणि शस्त्रधारण यांचा वाद आहे. विषय गंभीर, भाषा संस्कृतप्रचुर आणि पदांचे शब्दही सोपे नाहीत. असे शब्द सामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर खेळवणे ही संगीतकाराची कसोटीच होती. वझेबुवांनी पटदीप रागात बांधलेले 'मर्मबंधातली ठेव ही' हे पद आज नव्वद वर्षांहून अधिक काळ गायले जात आहे. या पदामुळे पटदीप राग महाराष्ट्रात घरोघर पोहोचला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. दीर्घ शब्दांना पुरेल इतका अवकाश देणारी आणि तरीही लयीत न रेंगाळणारी ही चाल आहे. गायकाला तीत आपल्या तानेसाठी जागा सापडते आणि श्रोत्याला गुणगुणण्यासाठी ओळ सापडते. दोन्ही साधणे फार थोड्यांना जमले आहे.

रत्नागिरीच्या नाट्यगृहाला आज सावरकरांचे नाव आहे. तिथे हे पद रंगते तेव्हा टाळ्या घेणाऱ्यांच्या यादीत वझेबुवांचेही नाव निवेदकाने घ्यावे, एवढीच माफक अपेक्षा.

शिष्यांच्या बाबतीत वझेबुवा भाग्यवान होते, किंवा असे म्हणू या की त्यांचे शिष्य भाग्यवान होते. स्वतः एकेका अंतऱ्यासाठी तिष्ठत राहिलेला हा माणूस शिकवताना कंजूष नव्हता. त्या काळी मोठमोठे गवई आपल्या खास चिजा दुसऱ्याच्या कानी पडू नयेत म्हणून जपत. त्या पार्श्वभूमीवर हे औदार्य उठून दिसते. रागीट म्हणून प्रसिद्ध असूनही त्यांच्याभोवती शिष्य जमले ते यामुळेच. भार्गवराम आचरेकर, हरिभाऊ घांग्रेकर, कर्नाटकात मोठी शिष्यपरंपरा निर्माण करणारे गुरुराव देशपांडे आणि स्वतः बुवांचे चिरंजीव शिवरामबुवा, अशी ही मालिका आहे.

या मालिकेतले एक नाव थोडे वेगळे. फोंडा तालुक्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेली केसर ही मुलगी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकून गोव्यात परतली होती. वझेबुवा गोव्यात लामगावला येत, तेव्हा तिला त्यांची तालीम मिळू लागली. हे शिक्षण सलग नव्हते. पुढे ती मुंबईला गेली, १९२१ पासून अल्लादिया खाँ यांची शिष्या झाली आणि त्यांच्याच घराण्याची महान गायिका सूरश्री केसरबाई केरकर म्हणून जगाला माहीत झाली. तेव्हा केसरबाईंच्या गायकीचे श्रेय वझेबुवांना देणे योग्य होणार नाही. पण घडणीच्या वयात जे हात लागले त्यांत एक हात त्यांचा होता, हे खरे. १९७७ साली व्हॉयेजर याने अंतराळात झेपावली तेव्हा त्यांच्यावरील सुवर्ण तबकडीत पृथ्वीवरचे निवडक २७ संगीताचे नमुने होते. त्यांत भारतातून केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी होती. मानवजातीच्या या अजब संकलनात कोकण-गोव्याच्या पट्टीतील एक आवाज आहे. तंबोरा, सारंगी आणि तबला एवढ्याच साथीवर गाणारी ही माणसे आणि त्यांचा सूर आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेला आहे.

वझेबुवांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकांचे नशीब इतके थोर नव्हते. उणीपुरी तीन मिनिटे चालणाऱ्या ७८ गतीच्या तबकड्यांवर त्यांचे गाणे उतरले ते उतारवयात. खंबावती, तिलककामोद, मियाँ मल्हार अशा रागांतील या मुद्रिका संग्राहकांनी जपल्या आणि जुन्या गायकांच्या संकलनांमधून त्या अधूनमधून नव्या पिढीपर्यंत पोहोचतात. प्रथम ऐकणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. सुईची खरखर, त्यात गायकाचा घोगरा आवाज. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकावे. तीन मिनिटे म्हणजे एरवी त्यांच्या मैफलीत बंदिशीची अस्थायी नीट मांडून होण्याचा वेळ. तेवढ्यात ते राग उभा करतात, बंदिश पूर्ण म्हणतात, बोलताना घेतात, तानांची एक फैर झाडतात आणि समेवर हातोडा मारल्यासारखे येऊन थांबतात. एकही मात्रा वाया जात नाही. वेळ संपत आली म्हणून झालेली घाईही नाही. जणू घड्याळ लावणाऱ्यानेच यांच्याकडून लय घेतली असावी. तारुण्यातील वझेबुवा कसे गात असतील, याचा अंदाज मात्र या मुद्रिकांवरून करता येत नाही. तो आवाज टिपण्याची सोयच तेव्हा नव्हती.

कोकणच्या आणि गोव्याच्या गायक-वादकांच्या जुन्या मुद्रिकांचे एकत्रित संकलन करण्याची कल्पना संगीतप्रेमींच्या बोलण्यात वरचेवर येते. असे काही झाले तर त्याची सुरुवात मधुर आवाजाने करण्याचा मोह टाळावा आणि वझेबुवांच्या या खरबरीत तीन मिनिटांनी करावी, असे सुचवावेसे वाटते. त्याच्या पाठोपाठ दीनानाथ आणि मग केसरबाई ऐकल्या, तर कोणाकडे काय गेले आणि प्रत्येकाने त्याचे काय केले, हे कानांनाच कळेल.

आयुष्याचा मोठा काळ वझेबुवांनी बेळगावला घालवला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेले हे शहर मराठी आणि कानडी रसिकांचे मीलनस्थान होते. घाटाखाली सावंतवाडी, पलीकडे गोवा, उत्तरेला कोल्हापूर आणि दक्षिणेला धारवाड अशा मोक्याच्या ठिकाणी त्यांनी बिऱ्हाड केले होते. मराठी रंगभूमी आणि कर्नाटकातील ख्याल गायन या दोन्ही प्रवाहांत त्यांचा शिष्यवर्ग पसरला, यामागे या शहराचाही वाटा आहे.

उतारवयात त्यांनी आपल्या संग्रहातील बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले. 'संगीत कला प्रकाश' या नावाने त्याचे दोन भाग निघाले. ज्या चिजांसाठी ग्वाल्हेरीत घरोघर माधुकरी मागितली, त्या त्यांनी कुणालाही विकत घेता येतील अशा पुस्तकात छापून टाकल्या. समकालीन गवयांपैकी कित्येकांना हा वेडेपणा वाटला असणार. पुस्तकातील स्वरलिपी म्हणजे गाण्याचा सांगाडा, हे वझेबुवांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही सांगाडा हरवण्यापेक्षा तो कागदावर राहिलेला बरा, असा विचार त्यांनी केला असावा. गुरूच्या घरी वर्षे काढण्याची ऐपत किंवा संधी नसलेल्या विद्यार्थ्याला या पुस्तकांनी अनवट रागांचे दार किलकिले करून दिले.

५ मे १९४५ रोजी पुण्यात वझेबुवांचे निधन झाले. केशवराव भोसले, बापूराव पेंढारकर आणि दीनानाथ मंगेशकर हे त्यांचे रंगभूमीवरील तिन्ही ख्यातनाम शिष्य त्यांच्या आधीच गेले होते. दीनानाथांच्या मृत्यूला तर तीनच वर्षे झाली होती. संगीत नाटकांच्या मंडळ्या बोलपटांपुढे एकामागून एक मोडत चालल्या होत्या. त्या वेळी दीनानाथांची थोरली मुलगी पुण्या-मुंबईच्या चित्रपट व्यवसायात पाय रोवण्याची धडपड करत होती. पुढे काही वर्षांतच लता मंगेशकर हे नाव देशाला पाठ झाले. मंगेशकर भावंडांनी वडिलांची पदे मैफलींतून आणि ध्वनिमुद्रिकांतून पुन्हा पुन्हा गायली. त्यांतील कित्येक चाली ओझऱ्याच्या या गवयाच्या आहेत.